इमारत चालविणारे हात शिकले पाहिजेत

९ जानेवारी २०२१. भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही माउलीपुढे ही तारीख उच्चारा, पुढचे काही सांगावे लागत नाही. शनिवारची ती पहाट. रात्री दीड-दोनच्या सुमारास भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षातून धूर निघू लागला. आत सतरा बाळे होती. सात बाळांना बाहेर काढता आले. दहा बाळे गेली. काही आगीने, काही धुराने. त्यांचे आईबाप बहुतेक मोलमजुरी करणारे, खेड्यापाड्यांतून आलेले. बाळाचे वजन कमी भरले म्हणून, श्वास नीट लागत नाही म्हणून, जगेल या आशेने त्यांनी ते लेकरू सरकारी इमारतीच्या हवाली केले होते.

पुढे चौकशी झाली. आगीचे मूळ विजेच्या उपकरणातील बिघाडात असल्याचे पुढे आले. काही अधिकारी-कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या एका खासगी रुग्णालयात आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागांना आगी लागल्या आणि माणसे गेली. प्रत्येक वेळी 'ऑडिट'चा शब्द निघाला.

भंडाऱ्यात त्या रात्री नेमके कोण चुकले, हा या लेखाचा विषय नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. दवाखाना असो, वसतिगृह असो, शाळा असो की आपल्या वस्तीतले विहार असो, भिंतीमागे धावणाऱ्या विजेकडे रोज लक्ष देणारा माणूस कोण? त्याला ते काम कोणी शिकविले? आणि त्याने धोका सांगितला, तर त्याचे ऐकतो कोण?

न दिसणारा माणूस

मोठ्या इमारतीत डॉक्टर दिसतो, साहेब दिसतो, मास्तर दिसतो. जिन्याखालच्या खोलीत बसलेला माणूस दिसत नाही. कुठे त्याला वायरमन म्हणतात, कुठे पंपवाला, कुठे जनरेटरवाला, कुठे नुसता 'हेल्पर'. टाकी भरली का, जनरेटरमध्ये डिझेल आहे का, एसी गार करतो का, लिफ्ट का अडकली, कूलरला पाणी घातले का, ही सगळी कामे त्याचीच. इमारत बांधतात इंजिनिअर आणि गवंडी. पुढची चाळीस-पन्नास वर्षे ती चालवितो हा माणूस.

या माणसांत आपल्या समाजातली माणसे पुष्कळ आहेत. कोणी ठेकेदाराकडे रोजंदारीवर आहे, कोणी शिपाई म्हणून लागला आणि 'तुला विजेचे थोडे कळते' म्हणून त्या कामावर बसविला गेला. काम शिकविणारा कोणी नाही. धक्का बसला की शहाणपण येते, हीच त्याची शाळा. फ्यूज वारंवार उडतो, साहेब ओरडतात, म्हणून तो किटकॅटमध्ये जाड तार घालतो. फ्यूज उडणे थांबते. साहेब खूश होतात. पण फ्यूज का उडत होता, हे कोणी पाहिले नाही. फ्यूजचे कामच मुळी धोका आला की तुटणे हे आहे. जाड तार घातली की तुटायला उरते ती भिंतीतली वायर.

बचत आणि सुरक्षा एकच

वीजबचत म्हटले की लोकांना वाटते, दिवे बंद करा, पंखे कमी लावा, बिल वाचवा. गरिबाच्या घरी ही शिकवण देण्याची गरज नाही, तो जन्मापासून तेच करतो. आणि नवजात बाळाच्या कक्षात तर काहीच बंद करता येत नाही. बाळाला ऊब देणारे यंत्र, ऑक्सिजन, मॉनिटर, एसी हे सारे रात्रंदिवस चालावेच लागते. मग तिथे बचत कशी करायची?

तिथे बचत म्हणजे वीज वाया न जाऊ देणे. वाया जाणारी वीज जाते कुठे? ती बहुतेक उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. आणि नको त्या जागी निर्माण झालेली उष्णता हेच आगीचे बीज.

एक साधा हिशेब पाहा. प्लगच्या, स्विचच्या किंवा डीबीच्या एखाद्या जोडावर स्क्रू सैल झाला, तांबे काळे पडले, तर त्या जागी विजेला अडथळा होतो. समजा तो अडथळा दशांश एक ओहम आहे आणि त्यातून वीस अँपिअर प्रवाह जातो आहे. वीस गुणिले वीस म्हणजे चारशे, त्याला दशांश एकने गुणले की चाळीस वॅट. म्हणजे जुन्या ट्यूबलाइटएवढी शक्ती वाटाण्याएवढ्या जागेत रात्रंदिवस तापत राहते. चोवीस तासांत जवळजवळ एक युनिट फुकट जाते. बिलात ते कळतही नाही. पण प्लास्टिक मऊ पडते, वायरचे आवरण करपते, आणि एखाद्या रात्री ठिणगी पडते. प्रवाह दुप्पट झाला, तर ही उष्णता चौपट होते, हे ध्यानात ठेवावे. म्हणून जुन्या वायरिंगवर नवे एसी, नवी यंत्रे, नवे संगणक चढवीत जाणे धोक्याचे आहे. इमारत बांधली तेव्हा वायर टाकली ती ट्यूब आणि पंख्यांच्या हिशेबाने. लोड वाढत गेला, वायर मात्र तीच राहिली.

स्विच गरम लागणे, प्लगला करपट वास येणे, दिवा लुकलुकणे, डीबीतून गुणगुण ऐकू येणे ही त्या सैल जोडाची बोली आहे. शिकलेला कारागीर ही बोली ओळखतो. मेन बंद करून जोड साफ करतो, नीट थिंबल लावून स्क्रू आवळतो. दहा मिनिटांचे काम. युनिटही वाचले आणि प्राणही वाचला. दोन कामे नाहीत ही, एकच काम आहे.

वसतिगृहाचा हिशेब

आता शंभर मुलांचे एखादे वसतिगृह घ्या. समजा तिथे साठ जुन्या ट्यूबलाइट आहेत. चाळीस वॅटची ट्यूब आणि तिचा जुना चोक मिळून पंचावन्न वॅटच्या आसपास जातात. त्या जागी वीस वॅटची एलईडी ट्यूब लावली, तर प्रत्येक ट्यूबमागे पस्तीस वॅट वाचतात. रोज सहा तास धरले, तर साठ ट्यूबमागे साडेबारा युनिट. समजा पन्नास जुने पंखे आहेत, पंचाहत्तर वॅटचे. नव्या बीएलडीसी पंख्याला तीस वॅटच्या आसपास पुरतात. रोज बारा तास धरले, तर सत्तावीस युनिट. दोन्ही मिळून दिवसाला चाळीसच्या जवळ, महिन्याला सुमारे बाराशे युनिट. आपल्या बिलावरच्या दराने गुणून पाहा. तेवढ्यात वसतिगृहाच्या अभ्यासिकेत किती पुस्तके येतील!

गच्चीवरच्या टाकीकडेही पाहा. तीन अश्वशक्तीचा पंप तासाला तीनेक युनिट खातो. टाकी भरून अर्धा तास पाणी वाहत राहिले, तर दीड युनिट गेले, आणि वर पाणीही गेले. फूट व्हॉल्व्ह गळत असेल, तर पंप तेवढेच पाणी चढवायला जास्त वेळ घेतो. टाकीत एक फ्लोट स्विच बसविला आणि फूट व्हॉल्व्ह वेळेवर बदलला, की प्रश्न मिटतो. पण पंप रोज किती मिनिटे चालतो, हे कोणी लिहूनच ठेवले नाही, तर तो जास्त चालतो आहे हे कळणार कसे?

एसीचेही तसेच. जाळीत धूळ साचली की यंत्र जास्त वेळ चालते आणि गारवा कमी देते. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे तापमान एक अंशाने वर ठेवले, तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. स्टार लेबल असलेले खोलीतले एसी २०२० पासून सुरू करताच चोवीस अंशांवर येतील असेच बनविणे सक्तीचे झाले आहे. पण महिन्याला जाळी धुण्याची सक्ती कुठला कायदा करणार? ते त्या जिन्याखालच्या माणसाच्याच हाती.

आणि आपल्या विदर्भात कूलरला विसरून चालणार नाही. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात कूलर हाच गरिबाचा एसी. पत्र्याची टाकी, खाली पाणी, आत पंप, अंगाला घाम आणि अर्थिंगचा पत्ता नाही. दर उन्हाळ्यात कूलरच्या धक्क्याने कुणाचे तरी लेकरू गेल्याची बातमी येते. कूलरला अर्थिंग असलेला तीन पिनांचाच प्लग हवा. बोर्डावर गळती पकडणारा ईएलसीबी किंवा आरसीसीबी हवा. त्यावर 'टी' लिहिलेले बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबल्यावर वीज गेली, तर यंत्र जिवंत आहे. गेली नाही, तर ते बदला. पाणी घालताना आधी प्लग काढा, मगच हात लावा. एवढे घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांनासुद्धा, माहीत असले पाहिजे.

कायदा आहे, पण रोजचा माणूस?

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला. त्याखाली २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला. नव्या मोठ्या व्यापारी इमारतींसाठी २००७ मध्ये ऊर्जा संवर्धन संहिता आली. राज्यात 'महाऊर्जा' ही संस्था आहे. परीक्षा देऊन झालेले ऊर्जा लेखापरीक्षक आहेत. आगीपासून संरक्षणासाठी महाराष्ट्राचा २००६ चा वेगळा कायदा आहे. इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र त्याखाली दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते.

पण लेखापरीक्षक येतो दोन दिवस. प्रमाणपत्र देणारा येतो वर्षातून दोनदा. वर्षाचे बाकीचे दिवस इमारतीशी बोलतो तो वायरमन. त्याच्या शिक्षणावर खर्च झाला नाही, तर अहवाल कपाटात राहतो आणि जोड सैलच राहतो.

अमेरिकेत ही गोष्ट १९९० च्या दशकात ध्यानात आली. तेथे इमारत चालविणाऱ्या कामगारांसाठी 'बिल्डिंग ऑपरेटर सर्टिफिकेशन' नावाचे प्रशिक्षण सुरू झाले. त्यातली घेण्यासारखी गोष्ट अशी की, कामगार वर्गात काही दिवस शिकतो आणि मग आपल्याच इमारतीवर काम करून दाखवितो. आपल्याच इमारतीचे नकाशे काढतो, आपल्याच यंत्रांची नोंद करतो, आपल्याच बिलाचा हिशेब मांडतो. शिकणे आणि काम वेगळे राहत नाही.

आपल्या भंडारा, तुमसर, साकोली, पवनीच्या दवाखान्यांत आणि वसतिगृहांत हे करायला परदेशी यंत्रे लागत नाहीत. एक टाँग टेस्टर, एक मेगर, चांगले पाने-पेचकस, रबरी हातमोजे आणि एक वही लागते. त्या माणसाला पाच गोष्टी शिकविल्या पाहिजेत.

पहिली, मोजणे. तिन्ही फेजवर लोड सारखा वाटला आहे का, अर्थिंग चांगले आहे का, वायरचे आवरण शाबूत आहे का, हे अंदाजाने नव्हे, मीटरने पाहणे.

दुसरी, वेळापत्रक. बिघाड झाल्यावर धावणे म्हणजे देखभाल नव्हे. जाळी महिन्याला, जोड ठरल्या मुदतीला, अर्थिंग पावसाळ्यापूर्वी आणि उन्हाळ्यात.

तिसरी, बिल वाचणे. गेल्या वर्षी याच महिन्यात किती युनिट होते, यंदा का वाढले? वाढलेले बिल हा इमारतीचा ताप आहे.

चौथी, आग. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये. आधी मेन बंद, मग कार्बन डायऑक्साइडचे किंवा कोरड्या पावडरचे नळकांडे. मेन कुठे आहे, दाराची किल्ली कुठे आहे, रात्रपाळीला कोण आहे, हे अंधारातही ठाऊक हवे.

पाचवी, आणि आमच्या मते सर्वांत मोठी, लिहिणे. 'अमुक दिवशी अमुक खोलीतला प्लग गरम लागला, वायर बदलणे जरुरीचे आहे,' अशी ओळ वहीत लिहून वरिष्ठाची सही घेणे. दुर्घटना घडली की बोट बहुधा खालच्या माणसाकडे वळते. त्याने तोंडी सांगितलेले कोणाला आठवत नाही. वहीतली ओळ बाळाचाही जीव वाचवील आणि त्या कामगाराची नोकरीही. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले, त्याच्या हातात ही वही म्हणजे साधी वस्तू नव्हे.

एकाच टेबलावरची तीन कामे

हा विषय आपल्या समाजाला परका वाटण्याचे कारण नाही. जुलै १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या मजूर खात्याकडे केवळ कामगार कायदे नव्हते. सरकारी बांधकामे होती, वीज आणि पाटबंधारे होते, युद्धकाळातले तांत्रिक प्रशिक्षणही होते. म्हणजे इमारत, वीज आणि कारागिराचे शिक्षण ही तिन्ही कामे त्यांच्या एकाच टेबलावर होती. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये विद्युतशक्तीविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा संबंध थेट देशाच्या दारिद्र्यनिवारणाशी जोडला. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ उभे राहिले. आणि १९४२ साली सरकारला दिलेल्या अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांना तांत्रिक शिक्षण मिळावे, ही मागणी स्वच्छ मांडली होती. पुढे १९५४ मध्ये ते याच भंडारा मतदारसंघातून पोटनिवडणुकीला उभे राहिले, हे आपल्या वडीलधाऱ्यांच्या घरांत आजही सांगितले जाते.

सांगायचे एवढेच की, पकड-पेचकस हाती घेणे त्यांनी कधी हलके मानले नाही. हलके आहे ते न शिकविता माणसाला धोक्यात लोटणे.

घरच्या मंडळींना

ज्यांचा मुलगा किंवा मुलगी दहावी झाली आहे, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे आयटीआयमध्ये, वीजतंत्री, तारतंत्री आणि रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंग हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. भंडाऱ्यात आणि तालुक्यांच्या ठिकाणी आयटीआय आहेत, कुठे कोणता अभ्यासक्रम आहे ते जाऊन विचारावे. पुढे शिकाऊ उमेदवारी करावी, त्यात विद्यावेतन मिळते. त्यानंतर राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्री परवाना काढावा. परवाना नसलेल्या हाताला ठेकेदार 'हेल्पर'चीच मजुरी देतो. मुलींनीही मागे राहू नये. मेगर वाचायला आणि वही लिहायला दंडातली ताकद लागत नाही.

जे आज या कामावर आहेत, त्यांनी ठेकेदाराकडे तीन गोष्टी मागाव्यात: हातमोजे, मीटर आणि प्रशिक्षण. एकट्याने मागू नये, चौघांनी मिळून मागावे. चालू लाइनवर काम करायला कोणी भाग पाडले, तर नाही म्हणावे. ते भित्रेपण नव्हे, तेच शिकल्याचे लक्षण आहे.

आणि सुरुवात विहारापासून करावी. १४ एप्रिल आली की आपण माळा लावतो, लाउडस्पीकर जोडतो, मंडपाला झालर सोडतो. एकाच प्लगवर चार जोड, उघड्या वायरी, वर कापडी मंडप आणि खाली लेकरे बसलेली. यंदा तसे करू नये. वस्तीतल्या परवानाधारक वायरमनला आधी बोलवावे. त्याच्याकडून विहाराचे वायरिंग, अर्थिंग आणि ईएलसीबी तपासून घ्यावे, जुन्या ट्यूब बदलाव्यात आणि तारखेसह वहीत लिहून ठेवावे. त्या वेळी वस्तीतली दोन पोरे त्याच्या शेजारी उभी करावीत. त्याने स्क्रू आवळताना का आवळला, हे त्या पोरांना सांगावे.

ती दहा बाळे आज असती, तर शाळेत जाऊ लागली असती. त्यांच्यासाठी आपण मेणबत्त्या लावल्या, ते योग्यच झाले. आता आपल्या जवळच्या इमारतीत एकदा डीबीचे दार उघडून पाहणारा, आत काय दिसले ते वहीत लिहिणारा शिकलेला माणूस असावा, यासाठी झटू या.